१० गिगाहर्ट्झ हवाय: फायबरचं रीळ की फ्रिक्वेन्सी कॉम्ब?

पाषाण-बाणेरकडच्या एखाद्या प्रयोगशाळेला रडारच्या चाचणीसाठी १० गिगाहर्ट्झचा स्वच्छ सिग्नल हवा असेल, तर कोटेशनं मागवण्याआधी एक गोष्ट ठरवा. फेज नॉइज (सिग्नलच्या लयीतली बारीक थरथर) कुठे कमी हवा: कॅरियरपासून, म्हणजे मूळ १० गिगाहर्ट्झपासून, १० किलोहर्ट्झवर, की अगदी १ हर्ट्झवर?

नेहमीचा मार्ग १०० मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर घेऊन वारंवारता शंभरपट करण्याचा. स्वस्त आणि सहज मिळणारा, पण फेज नॉइजही निदान ४० डेसिबलने (डीबी) चढतो. तेवढ्यात भागत असेल तर उगाच प्रकाशाच्या नादी लागू नका.

ऑप्टो-इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर, म्हणजे ओईओ, १९९० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबमध्ये याओ आणि मालेकी यांनी मांडला. लेझरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून काही किलोमीटर फायबरमध्ये जातो. पुढे फोटोडिटेक्टर, ॲम्प्लिफायर, फिल्टर आणि परत मॉड्युलेटर, असं हे लूप. उशीर जितका मोठा तितका फेज नॉइज कमी. (खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत फायबर सिग्नल वाहून आणतो, इथे तो फक्त उशीर करायला.) गुणाकार नसल्यामुळे १० गिगाहर्ट्झ थेट मिळतो. १६ किलोमीटर फायबर वापरून ६ किलोहर्ट्झ ऑफसेटला (कॅरियरपासूनच्या अंतराला) उणे १६३ डीबीसी प्रति हर्ट्झपर्यंत मजल गेलेली आहे; हा कॅरियरच्या तुलनेतला नॉइज, जितका उणे तितका चांगला.

दुखणं आहे तापमानाचं. फायबरमधला उशीर अंशामागे दशलक्षात सात-आठ भाग बदलतो, म्हणजे १० गिगाहर्ट्झवर ७०-८० किलोहर्ट्झ. खोलीतला एसी चालू-बंद झाला की ॲनालायझरच्या पडद्यावर पीक सरकताना डोळ्यांना दिसतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पहाट आणि दुपार यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, तेव्हा रीळ तापमान-नियंत्रित पेटीत ठेवण्याचा खर्च धरूनच चला. शिवाय ४ किलोमीटर रिळाचे मोड, म्हणजे लूपला चालणाऱ्या इतर वारंवारता, दर ५० किलोहर्ट्झवर येतात आणि फिल्टर त्यांना पुरता अडवू शकत नाही. आखूड फायबरचं दुसरं लूप जोडलं की ते दबतात, पण फेज नॉइजमध्ये थोडी तडजोड होते.

फ्रिक्वेन्सी कॉम्ब, म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या वारंवारता देणारा लेझर. त्याची चाल उलटी. अतिस्थिर कॅव्हिटीला (आरशांमधल्या पोकळीला) बांधलेल्या लेझरची सुमारे २०० टेराहर्ट्झ वारंवारता २०,००० ने भागली की फेज नॉइज ८६ डीबीने उतरतो. अमेरिकेच्या निस्ट या मापनसंस्थेने २०११ मध्ये १ हर्ट्झ ऑफसेटला उणे १०४ डीबीसी प्रति हर्ट्झ मिळवून दाखवलं. तिथे ओईओची डाळ शिजत नाही. मात्र निर्वात कक्ष, कंपनरोधक टेबल, फेम्टोसेकंद लेझर आणि लॉक सुटला की तो पुन्हा लावणारा माणूस, हे सगळं लागतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत इटर्बियम आयनच्या घड्याळावर काम करणाऱ्यांकडे हा सरंजाम कामाचाच भाग असतो. रडारच्या चाचणीसाठी तो मुद्दाम उभारणं मला परवडणारं वाटत नाही.

म्हणून चाचणी रडारची असेल तर मी ओईओ घेईन, तोही दुहेरी लूपचा. विक्रेत्याकडून एकच आकडा घेऊ नका. १० हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झपर्यंतचा पूर्ण आलेख मागा, स्पर्स (नको असलेली छोटी पीकं) न गाळता. ५० किलोहर्ट्झवरचं ते छोटं पीक डॉपलर रडारला खोटं लक्ष्य भासू शकतं आणि काही डेटाशीटमध्ये ते सफाईने पुसलेलं असतं.