शोकासाठीचं आयुर्वेदिक निवासी केंद्र: 14 दिवस तिथे, 9 महिने घरी

आधी केसांचं सांगते, कारण ते कुणीच सांगत नाही. सात दिवस रोज कपाळावर तेलाची धार घेतली की ते तेल पुढचे पंधरा दिवस जात नाही. शिकेकाई झाली, रिठा झाला, शेवटी बेसन चोळलं. उशीचे दोन अभ्रे टाकून द्यावे लागले. जाणार असाल तर जुने अभ्रे आणि एखादी गडद ओढणी सोबत न्या.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर 2024 मध्ये आमचे हे गेले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. सकाळी ड्युटीवर निघताना एक बूट घातला, दुसरा तसाच राहिला. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, घर माणसांनी भरलेलं. द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून रडायची आणि मीच तिला पाणी द्यायची. मला रडू आलं नाही. "बाई खंबीर हो," असं ओट्यावरचे लोक बोलायचे, ते मला आत ऐकू यायचं. मग गर्दी पांगली आणि झोप गेली. पहाटे चारला उठून दाराची कडी काढायची, कारण पहिल्या गाडीची ड्युटी असली की हे चारला निघायचे. कडी काढून झाली की आठवायचं. घास गिळवेना, दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं.

हे केंद्र माझ्या नणंदेनं शोधलं, पैसे पुण्याहून मुलीनं भरले. शिरपूर-चोपडा रस्त्यापासून आत, सातपुड्याच्या पायथ्याशी, आजूबाजूला केळीचे मळे. नाव लिहीत नाही, काही तक्रारी आहेत आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही. जानेवारीच्या शेवटी धुळ्याहून एसटीनं गेले, अर्ध्या तिकिटात. कंडक्टर यांच्याच डेपोचा पोरगा निघाला, पैसे घेईना. घ्यायला लावले. हिशोब चुकलेला यांना कधी खपला नसता.

14 दिवसांचे 42,000 रुपये, खोली, जेवण, उपचार धरून. औषधांचे वेगळे, त्याबद्दल पुढे सांगते.

पहिल्या दिवशी वैद्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, झोप, पोट, भूक सगळं विचारलं. भिंतीवर बीएएमएसची पदवी आणि नोंदणी क्रमांक लावलेला होता, तो मी वाचून घेतला. तुम्हीही वाचा, हल्ली नुसती मालिश शिकलेलेही गळ्यात रुद्राक्ष घालून बसतात. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "किती रडलात?" मी म्हटलं, "नाही रडले." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात न अडवण्याचे 13 वेग सांगितलेत. शिंक, जांभई, भूक, तहान, झोप आणि त्यांतच अश्रू. अश्रू दाबले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, तोंडाची चव जाणं, चक्कर. मी हसले. चव तर गेलीच होती. उपाय काय, तर झोप, मद्य आणि प्रिय कथा. "मद्याचं तेवढं राहू द्या, बाकी दोन इथे करू," म्हणाले.

त्याच अध्यायात शोकाचा वेग मात्र आवरायला सांगितलाय, हेही त्यांनी लपवलं नाही. अश्रू अडवू नका आणि शोक आवरा, ही फोड मला तेव्हा पटली नाही. आता थोडी कळते, पण ती मला कुणाला समजावून सांगता येणार नाही.

दिनक्रम असा: साडेपाचला उठवणार. ज्याची झोपच गेलीय त्याला साडेपाचला उठवण्यात काय शहाणपण, हे मी तिसऱ्या दिवशी विचारलं. नंतर माझ्यापुरती सवलत मिळाली. मग अंगाला कोमट तिळतेलाचा अभ्यंग, वाफ, आंघोळ. एक दिवसाआड नस्य, म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब. ते घशात उतरतं आणि दिवसभर सगळ्याला त्याचीच चव. दुपारी विश्रांती, संध्याकाळी प्राणायाम. शिरोधारा, म्हणजे ती कपाळावरची तेलाची धार, आठव्या दिवसापासून.

जेवण मुगाची खिचडी, तूप, दुधी, पडवळ. खानदेशी माणसाला इतके दिवस तिखटाशिवाय ठेवणं हाही एक शोकच. नवव्या दिवशी स्वयंपाकाच्या बाईनं मागच्या दारानं कळण्याची भाकरी आणि लसूण-मिरचीचा ठेचा दिला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. वैद्यांच्या वहीत त्या दिवशी 'अग्नी सुधारला', म्हणजे भूक-पचन सुधारलं, असं लिहिलेलं मी पाहिलं. श्रेय कुणाचं ते मी बोलले नाही.

खरं काम झालं ते धारेच्या खोलीत. लाकडी पाटावर उताणं झोपायचं, डोळ्यांवर ओला कापूस, वर टांगलेल्या पात्रातून कपाळावर तेलाची बारीक धार इकडून तिकडे. चाळीस मिनिटं. शेवटी पात्रातलं तेल संपत आलं की धार तुटते आणि उरलेले थेंब खालच्या तांब्याच्या भांड्यात पडतात. टक. टक टक. दुसऱ्याच दिवशी त्या आवाजाला मी ताडकन उठून बसले. आमच्या यांचा तिकिटाचा चिमटा. बसच्या दांडीवर तस्साच आवाज. मशीन आल्यावर चिमटा जमा झाला, सवय गेली नाही. घरातही खिडकीच्या गजावर किल्लीनं टकटक करून "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे," म्हणत मुलांना जेवायला बसवायचे.

धार धरणारी मावशी शिरपूरकडची, अहिराणी बोलणारी. तिनं पुसायला पंचा दिला नाही, काही शिकवलं नाही. पाटाशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मंग काय व्हयनं?" मी चिमट्याचं सांगितलं. मग नोकरीच्या पहिल्या वर्षी हे अमळनेरच्या यात्रेच्या गर्दीत स्वतःच्याच गाडीत चढू शकले नव्हते, ते सांगितलं. सांगता सांगता हसायला लागले आणि हसता हसता बांध फुटला. "रड वं माय, मोकयं रड," एवढंच ती म्हणाली. तेल, पाणी, सगळं एक झालं. त्या रात्री मी सात तास झोपले. तेलाचा गुण की मावशीचा, सांगता येणार नाही. पुढे रोज धार संपली की मी तिला यांची एक गोष्ट सांगायची. वैद्यांनी सांगितलेली प्रिय कथा बहुतेक हीच.

याउलट 'शोकमंडळ' नावाचा प्रकार. बाहेरून एक तरुण मुलगी यायची, कागदावरून वाचायची. गेलेल्या माणसाला पत्र लिहा आणि ते जाळा म्हणाली. माझ्या शेजारी चोवीस वर्षांचा मुलगा गेलेले एक गृहस्थ होते, ते कागद घेऊन उठून गेले. 'सोडून द्या, धरून ठेवू नका' हे वाक्य मी दोन आठवड्यांत तीसेक वेळा ऐकलं असेल. 27 वर्षांचा संसार सोडून कुठे ठेवायचा, तेही कुणीतरी सांगावं.

आता तक्रारी. मी थायरॉईडची गोळी घेते. भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये चालू औषधांचा रकानाच नव्हता आणि मीही सांगितलं नाही, चूक दोघांची. रात्री दुधातून अश्वगंधा सुरू झाली. पाचव्या दिवशी छाती धडधडायला लागली. अश्वगंधेनंच झालं असं मी म्हणत नाही, पण तिच्यानं थायरॉईडची पातळी वाढू शकते, हे नंतर आमच्या धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. वैद्यांनी लगेच बंद केली, पण "आधी सांगायचं ना," हे मलाच ऐकवलं. चालू गोळ्यांची यादी लिहून न्या, विचारोत न विचारोत, हातात द्या.

दुसरं, मोबाईल जमा करून घेतात. चार दिवस माझा फोन लागेना म्हणून मुलगी घाबरून पुण्याहून निघणार होती. ज्या घरात नुकतं माणूस गेलंय तिथे फोन बंद करणं म्हणजे काय, याचा विचार नको का? तिसरं, निघताना 6,200 रुपयांची औषधं बांधून दिली. त्यातल्या दोन डब्यांवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही. ते डबे उघडले नाहीत. बाकीचं ब्राह्मीचं तूप संपवलं, फरक जाणवला नाही.

नऊ महिन्यांत टिकलं काय, तर दोन गोष्टी. रविवारचा अभ्यंग आणि रोज रात्री तळपायाला काशाच्या वाटीनं तूप. तिथे सांगतात की तळवे काळे होतात ती अंगातली उष्णता बाहेर पडते. तसं काही नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्याची तुपाशी, घामाशी क्रिया होऊन काळं येतं. पण वाटी फिरवली की डोळे जड होतात, हे खरं. आता पाच-सहा तास झोप लागते. पहाटेची कडी मार्चपासून काढलेली नाही. नस्य, काढे, साडेपाचचा प्राणायाम सगळं बंद पडलं.

आणि हे स्पष्टच लिहिते, मे-जूनमध्ये मन पुन्हा खचलं होतं. तेव्हा तेल चोळत बसले नाही, धुळ्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. ते म्हणाले, दुःख हा आजार नाही, पण सहा महिने उलटूनही रोजचं जगणं अडून राहिलं तर त्याला वैद्यकात वेगळं नाव आहे आणि उपचारही आहेत. माझं तितकं नव्हतं, तीन भेटींत भागलं. कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर केंद्रबिंद्र नंतर, आधी टेलि-मानसचा 14416 लावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पहिल्याच महिन्यात जाऊ नका, एवढं मात्र मी विचारणाऱ्यांना सांगते. घरातले दहावा-तेरावा, माणसं, कागदपत्रं होऊ द्या. पेन्शनचे कागद अर्धवट टाकून धारेखाली झोपलं तर डोक्यात कागदच फिरतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, 30 एप्रिलला, यांच्या नावाची पहिली घागर भरली. कुंभाराकडून नवी आणली, वर लहान मडकं, त्यावर खरबूज, आमरस, सांजोऱ्या. नणंद माहेरी आली होती. दुपारी ती घागरीसमोर पाय पसरून बसली, टाचा फुटलेल्या. माझ्यासाठी केंद्र शोधत फिरली, पण भाऊ तर तिचा गेला होता. ती सासरी, तिच्या दारी कोण गेलं? मी वाटी आणली, तूप घेतलं, तिचा पाय मांडीवर घेतला. "वहिनी, सोडा हो, पाय कसले धरता," म्हणाली. मी विचारलं, "लहानपणी कसे होते हे?" तिनं दिवेलागणीपर्यंत सांगितलं. मला माहीत नसलेलंच सगळं.

जाताना वाटी तिनं पिशवीत टाकली, अजून परत दिलेली नाही. मग मी दुसरी घेतली, 460 रुपयांना, वजनावर मिळते. घेताना काठावरून बोट फिरवून बघा, कड बोचरी असली तर टाचेला लागते.