आयपी की एनएमसीएलआय?

लिनक्सवर टर्मिनलमधून नेट जोडायचं तर दोन कमांड हाताशी असतात: 'आयपी' (ip) आणि 'एनएमसीएलआय' (nmcli).

मालवण-देवगडकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते, ते सांगायला नको. आयपीने केलेली जोडणी नुसती चालू कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असते. मशीन बंद पडलं की पत्ता, गेटवे (बाहेरच्या नेटकडे जायची वाट, बहुधा राउटर), सगळं पुसलं. शिवाय कामं सुटी सुटी. 'आयपी लिंक'ने कार्ड चालू करा, 'आयपी अ‍ॅड्रेस'ने पत्ता द्या, 'आयपी रूट'ने गेटवे सांगा. एवढं करून ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, जातो, पण साइट उघडत नाही, कारण डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) हा आयपीचा प्रांतच नाही. पासवर्डवालं वायफायही त्याला एकट्याला जमत नाही.

एनएमसीएलआय नेटवर्कमॅनेजरकडून, म्हणजे मागे चालून जोडण्या सांभाळणाऱ्या सेवेकडून, काम करून घेतं. जोडणी फाइलमध्ये राहते, लाइट आली की आपोआप लागते. होमस्टेच्या काउंटरवरच्या पीसीला मी हेच देईन. (पासवर्ड कमांडमध्येच टाइप करू नका, टर्मिनलच्या हिस्टरीत उरतो, 'आस्क' (--ask) पर्याय वापरा.) घरच्या वायफायला प्राधान्य १० आणि मोबाइल हॉटस्पॉटला ५ दिलं, तर मोठा आकडा आधी धरला जातो. मात्र राउटर चालू आणि मागची फायबर तुटलेली असेल, तर हॉटस्पॉटवर हातानेच जावं लागतं.

मग आयपी कशाला? बिघाड शोधायला. 'आयपी रूट' मारा. 'डिफॉल्ट'ची ओळच नसेल तर गेटवे मिळालेला नाही, उगाच ब्राउझरशी झटू नका.