‘द नंबर ऑफ द बीस्ट’: १९९८ ची सीडी की २०१५ ची २४ बिट फाइल?

ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनचा १९८२ चा हा अल्बम निर्माते मार्टिन बर्च यांनी ॲनालॉग टेपवर ध्वनिमुद्रित केला होता आणि दोन्ही आवृत्त्यांचे मूळ तेच आहे. बिट जितके जास्त, तितकी आवाजाची पातळी बारकाईने नोंदवता येते; सीडीच्या १६ बिटांत सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मावतो. त्या काळच्या टेपची खरखर १६ बिटांत टिपता येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाहून कितीतरी मोठी असल्याने २४ बिटांचा वाढीव आवाका बहुतांशी ती खरखरच अधिक काटेकोरपणे टिपतो.

खरा फरक मास्टरिंगचा, म्हणजे प्रकाशनापूर्वी आवाजाची पातळी आणि समतोल ठरवण्याच्या शेवटच्या टप्प्याचा आहे. १९९८ च्या सीडीत आवाजाची सरासरी पातळी त्या काळच्या रिवाजानुसार चढवलेली असल्याने ‘रन टू द हिल्स’ या गाण्याच्या आरंभी क्लाइव्ह बरचे ड्रम दबल्यासारखे वाटतात. २०१५ च्या आवृत्तीत त्यांचा ठोका मोकळा होतो आणि स्टीव्ह हॅरिसच्या बेसच्या तारांवर आपटणारी बोटेही वेगळी ऐकू येतात. म्हणून माझा कौल २०१५ ला आहे. मात्र त्याच मास्टरिंगची १६ बिट प्रत स्वस्तात मिळत असेल, तर मी बिनदिक्कत तीच घेईन.