इंडोअर शूटिंग रेंजला पैसे भरायच्या आधी आमचं काय झालं ते वाचा

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते कारण मुलीचा विषय आहे आणि परत परत तेच आठवून त्रास होतो. पण परवा एका मैत्रिणीने तिच्या मुलाला त्याच रेंजला घालायचं म्हणून मला विचारलं, तेव्हा ठरवलं की आता लिहूनच टाकायचं.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल करते, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलने दहा मीटरवरच्या टार्गेटवर नेम मारायचा. रेंज दिसायला चकाचक, एसी हॉल, प्रत्येक लेनला (एकेकाची उभं राहून नेम मारायची जागा) इलेक्ट्रॉनिक टार्गेट आणि स्क्रीन दिसत होते. काउंटरवरच्या माणसाने सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं आणि म्हणाला, "मॅडम, यात सगळं आलं." आम्ही पूर्ण फी एकरकमी भरली, रायफल त्यांचीच वापरायची म्हणून डिपॉझिट वेगळं. मग टॅबवर सेफ्टीचा फॉर्म समोर केला, सही करा म्हणाले, मी केली. सेफ्टीच्या फॉर्ममध्ये काय असणार, हत्यार कसं धरायचं तेच असेल ना असं वाटलं, पण रिफंड मिळणार नाही, पॅकेज मध्येच थांबवता येणार नाही, दर कधीही बदलतील हे सगळं त्याच फॉर्मच्या तळाशी होतं. कॉपी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

पहिल्याच आठवड्यात कळलं की पॅकेजमध्ये फक्त शेवटच्या कोपऱ्यातल्या कागदी टार्गेटच्या लेन येतात, इलेक्ट्रॉनिक लेनला तासाप्रमाणे वेगळे पैसे. बरं, तो तास कुठून मोजतात तर गेटवरच्या रजिस्टरमधल्या वेळेपासून. जॅकेट, ट्राउझर, शूज चढवायचे, रायफलच्या सिलेंडरमध्ये हवा भरून घ्यायची, लेन रिकामी व्हायची वाट बघायची, यात वीस मिनिटं सहज जातात आणि संपताना पाच मिनिटं आधीच आवरा म्हणून सांगतात. आता मॅचचा हिशोब बघा. ६० शॉट्स, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं, त्याआधी तयारीची आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवून घ्यायच्या शॉट्सची, १५ मिनिटं, म्हणजे ९० मिनिटं झाली. एक तासाच्या स्लॉटमध्ये पूर्ण मॅच बसूच शकत नाही, पोराला एकदा मॅचची प्रॅक्टिस द्यायची तर दोन स्लॉटचे पैसे भरावेच लागतात. हे त्यांना माहीत नाही असं कसं होईल, तिथे पोरं मॅचसाठीच तर येतात.

पण खरा राग मला पेलेट्सचा, म्हणजे रायफलमध्ये घालायच्या शिशाच्या छोट्या छर्ऱ्यांचा आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी बाहेरून मॅच पेलेट्सची सीलबंद डबी घेऊन दिली तर रेंजवर परत पाठवली. सेफ्टी पॉलिसी आहे, बाहेरचे पेलेट्स चालणार नाहीत, आमच्याकडूनच घ्यायचे. मी गप्प बसले, आणि का बसले ते सांगते, कारण बाकीचे पालकही तसेच बसतात असं मी बघितलंय. रेंजवर पहिल्या दिवसापासून शिकवतात की रेंज ऑफिसर बोलला की वाद घालायचा नाही, स्टॉप म्हटलं की स्टॉप, नळी टार्गेटकडेच, लेनच्या पुढे कोणी असताना रायफलला हात नाही. ते बरोबरच आहे, त्यात तडजोड नकोच. पण ती सवय आपल्याला काउंटरपर्यंत लागते आणि तिथे पैशाच्या नियमाला सेफ्टी हे नाव दिलं की आपण का म्हणून विचारतच नाही. खऱ्या बंदुकीच्या काही रेंजवर स्वतःची गोळी आणू देत नाहीत त्याला कारण असतं, स्टीलचा गाभा असलेल्या गोळीने मागच्या आडोशाचं नुकसान होतं, काही ठिकाणी लोहचुंबक लावून तपासतात. इथे ४.५ मिमीचा शिशाचा पेलेट, त्यांचाही तसलाच आणि माझ्या डबीतलाही तसलाच, मग धोका कसला?

त्यांचे पेलेट्स डबीत नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून सुटे मोजून मिळायचे, कुठल्या कंपनीचे, कुठल्या बॅचचे काही पत्ता नाही. शिसं मऊ असतं, पिशवीत एकमेकांवर आपटून पेलेटची मागची पातळ कड, ज्याला स्कर्ट म्हणतात, ती चेपते आणि तसा पेलेट नेम बरोबर असूनही भलतीकडे जातो. रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे हो, तिथे एवढंसं पोचा आलेलं शिसं काय करेल विचार करा. मुलीचे १०.३, १०.१, १०.४ असे शॉट्स यायचे आणि मध्येच ८.२. परत तीन चांगले आणि परत एक भरकटलेला. कोच म्हणायचे लक्ष नाही तिचं, ट्रिगर झटक्यात ओढते. मी घरी आल्यावर तिला बोलायचे, मोबाइल काढून घेतला, एकदा तर एवढे पैसे भरलेत असंही म्हणाले. ती म्हणाली, आई मला खरंच कळत नाही मी काय चुकते. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

चार महिन्यांनी एका स्पर्धेत दुसऱ्या रेंजच्या कोचने तिचा स्कोअर बघून विचारलं, पेलेट कुठले वापरतेस? त्यांनी रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून आधी तिच्या पिशवीतले १० आणि मग सीलबंद डबीतले १० मारून दाखवले. डबीतल्यांचं एकच फाटकं भोक पडलं, पिशवीतल्यांपैकी तीन लांब गेले. रायफल तीच, माणसाचा हात मध्ये नाहीच. तिने काही न बोलता दोन्ही कागद घडी करून बॅगेत ठेवले.

आम्ही तिथून बाहेर पडलो तर उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे गेलेच, वर डिपॉझिटमधून सील बदलण्याचे आणि सिलेंडरचे असे पैसे कापले. हवेवर चालणाऱ्या रायफलचं रबरी सील वापराने झिजतंच, तो मेंटेनन्स झाला, नुकसान नाही. सिलेंडरचं तर त्याहून वाईट. पहिल्या दिवशी मुलीने रायफलचा फोटो तिच्या मावशीला पाठवला होता, तो मोठा करून बघितला तर सिलेंडरवरची मुदत आम्हाला दिला त्याच्या आधीच संपलेली. २०० बारच्या आसपास दाब भरतात त्यात, आणि ही सेफ्टीवाली रेंज तो मुलांच्या हातात देत होती! फोटो दाखवल्यावर डिपॉझिटचा अर्धा भाग आला.

म्हणून सांगते, कुठेही जा, "सगळं आलं" म्हटलं की काय काय ते लिहून घ्या. लेन कुठली, तास कधीपासून मोजणार, पेलेट कोणाचे, किट आणि हवा भरायचे वेगळे का, मध्येच सोडलं तर काय. फॉर्म तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणून वाचा. रायफल हातात घेताच सिलेंडरवरची तारीख आणि असलेले ओरखडे फोटोत घ्या. एक महिन्याचेच पैसे भरा, सवलत गेली तरी चालेल. आणि मुलाचे शॉट्स अचानक भरकटायला लागले तर त्याला बोलायच्या आधी पेलेट्स उलटे करून बघा.

उरलेलं डिपॉझिट अजून आलेलं नाही. माझ्या सहीच्या फॉर्मची कॉपी मी मेलवर तीनदा मागितली, तीही नाही.