क्रोनीसी की टाइमडेटसीटीएल?

लिनक्स सर्व्हरचं घड्याळ सांभाळायला या दोन साधनांतलं कोणतं घ्यावं, असं एका नव्या सहकाऱ्याने विचारलं.

कष्ट कमी टाइमडेटसीटीएलला: बहुतेक लिनक्सवर ते आधीच असतं, 'सेट-एनटीपी ट्रू' (नेटवर्कवरून वेळ जुळवणं चालू) दिलं की झालं. पण त्यामागे सहसा असणारी टाइमसिंकडी ही सेवा एका वेळी एकाच वेळ-सर्व्हरला विचारते. तो चुकला तर आपणही चुकतो.

क्रोनीसीमागची सेवा क्रोनीडी वेळेचे अनेक स्रोत ताडून पाहते आणि न जुळणारा वगळते. 'ट्रॅकिंग' आज्ञेत घड्याळ किती पुढेमागे आहे आणि कोणत्या गतीने सरकतंय, दोन्ही दिसतं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. घड्याळ लगेच जुळवणारी 'मेकस्टेप' आज्ञा मात्र चालू डेटाबेसवर जपून वापरा, वेळ एकदम उडी मारते.

लॅपटॉपला टाइमसिंकडी पुरे. अनेक यंत्रांच्या नोंदी जुळवायच्या किंवा इतरांना वेळ पुरवायची, तर क्रोनीच. दोन्ही सेवा एकत्र चालवू नका.