एफएल स्टुडिओवरून रीपरवर येऊन सात महिने झाले, जमलं ते आणि न जमलं ते

एफएल स्टुडिओ आणि रीपर, दोन्ही कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायची, बनवायची सॉफ्टवेअर. आधीच सांगतो, एफएल वाईट आहे म्हणून सोडलं असं काही नाही. आणि खरं म्हणजे पूर्ण सुटलं पण नाहीये, ते पुढं येईलच. नऊ वर्षं त्याच्यावरच काढलीत. सुरुवातीला मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं क्रॅक, मग कामाचे पैसे यायला लागल्यावर माझीच मला लाज वाटायला लागली म्हणून प्रोड्युसर एडिशन रीतसर घेतलं. एकदा पैसे भरले की पुढची सगळी अपडेट फुकट, एफएल बनवणाऱ्या इमेज-लाइनवाल्यांची ही गोष्ट मला अजून लई आवडते.

माझं काम म्हणजे जयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीचे रिमिक्स, रिक्षावर वाजणाऱ्या दुकानांच्या जाहिराती, अधूनमधून एखाद्याच्या वाढदिवसाचं गाणं. यात एफएलला तोड नाही. स्टेप सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या चौकटीत, चार ओळी टिकटिक केल्या की हलगीचा पॅटर्न तयार, तो प्लेलिस्टमध्ये, म्हणजे गाण्याच्या पूर्ण पट्टीवर, पसरवला की निम्मं गाणं झालं.

घोळ झाला तो भजनी मंडळामुळे. आईच्या ओळखीतले एक मामा आहेत, सोलापूरच्या पूर्वभागात राहतात, निम्मं आयुष्य कापडाच्या मागावर गेलेलं. म्हणले, "आमचं भजन रेकॉर्ड करून दे की, आषाढीच्या आत." पखवाज, पेटी, टाळ, मामा स्वतः गाणार आणि मागं धरायला सहा जण. मी म्हणलं सोपंय, आणि सगळ्यांना हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीचा ठोका, लावून दिला. दोन मिनिटांत मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "हे टिकटिक बंद कर बे. आमचा मृदंगवाला काय घड्याळ हाय का?"

बरोबरच होतं त्यांचं. अभंग संथ सुरू होतो, लय कधी चढली ते कळत पण नाही आणि शेवटच्या गजराला दुप्पट झालेली असते, तीच तर मजा आहे. एफएलमध्ये रेकॉर्डिंग होत नाही असं नाही, एडिसन नावाचा रेकॉर्डर आहे, थेट प्लेलिस्टमध्ये पण घेता येतं, टेम्पो, म्हणजे लय, आपोआप बदलत नेता येतो. पण मी सगळं पॅटर्न आणि बारच्या, म्हणजे ठरलेल्या मात्रांच्या तुकड्यांच्या, हिशोबानेच शिकलेलो, आणि समोर चार माइकवर सलग अठरा मिनिटांचा टेक ज्यात बार नावाची चीजच नाही. शिलाई मशीनवर चादर विणायला बसल्यागत झालं. मशीनची काय चूक.

म्हणून रीपर टाकून बघितलं. इन्स्टॉलर इतका छोटा की मला वाटलं डाउनलोड मध्येच तुटलं. विनॅम्प आठवतंय का, गाणी वाजवायचं जुनं सॉफ्टवेअर, ते बनवणारा जस्टिन फ्रँकेल, त्याचंच हे. ६० दिवस फुकट वापरायचं, त्यानंतर पण बंद पडत नाही, फक्त उघडताना पैसे भरायची आठवण करत बसतं. साधं लायसन्स ६० डॉलर. धंद्यासाठी वापरत असाल तरी वर्षाची कमाई २०,००० डॉलरच्या आत असेल तर हेच चालतं, नाहीतर २२५. कमाईची ती अट वाचून घरात सगळ्यांना हसू आलं. मी चाळिसाव्या दिवशी घेऊन टाकलं. फक्त एक, यात आयुष्यभराचं अपडेट नाही, सातवं व्हर्जन घेतलं तर आठवं संपेपर्यंत चालणार, पुढचं पुढं.

पहिला महिना मात्र बेकार गेला. उघडलं की राखाडी रिकामी खिडकी, ना ड्रम किट ना सिंथ (सूर काढायचं सॉफ्टवेअर वाद्य), म्हणजे नावाला एक रियासिंथ आहे पण त्याच्यावर गाणं होत नसतं. हात सगळे जुन्या सवयीचे. माउसचं चाक फिरवलं की खाली सरकायच्या ऐवजी झूम. नोट उडवायला राइट क्लिक करावं तर मेनू उघडतो. मित्र शेजारी बसून बघत होता, म्हणला, "काय करायलास बे, धावीचा पेपर लिहायलास का?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेकॉर्डिंग थांबवलं की फाइल ठेवू का उडवू असं विचारणारी खिडकी येते, मी घाईत न वाचता डिलीट ऑल दाबलं. मामांची अख्खी गौळण गेली. त्यांना सांगितलं माइकची वायर हलली होती, परत म्हणा. तुम्ही घेणार असाल तर पहिल्याच दिवशी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ते विचारणं बंद करा.

मग हळूहळू बसत गेलं. चारही माइकचे आयटम, म्हणजे रेकॉर्ड झालेले तुकडे, निवडून कीबोर्डवर G दाबलं की ग्रुप होतात, S दाबलं की कर्सरवर सगळे एकदम कापले जातात. भजनाला हे लई गरजेचं, कारण टाळ चारही माइकमध्ये घुसलेले असतात, एका ट्रॅकवर कापून दुसऱ्यावर राहिलं तर टाळ लंगडत चालल्यासारखे ऐकू येतात. व्हर्जन सातमध्ये एकाच ट्रॅकमध्ये लेन आल्यात, तीन टेक एकाखाली एक ठेवायचे आणि चांगला तुकडा नुसता माउसने ओढून वर घ्यायचा. मामांचं पहिलं कडवं दुसऱ्या टेकचं आणि गजर तिसऱ्याचा, त्यांना पण जोड सापडला नाही. लयीत थोडा फरक होता, पण जोड पखवाजाच्या समेवर ठेवला आणि क्रॉसफेड दिला, म्हणजे एक तुकडा हळू विरत दुसरा वर येतो. तुकडे बारच्या रेघांना (ग्रिडला) आपोआप चिकटवणारं स्नॅप ऑल्ट-एसने बंदच ठेवतो, ग्रिडकडे बघतच नाही.

पेटीचं वेगळंच निघालं. मागं कीबोर्डचा हलका पॅड, म्हणजे लांब धरलेला सूर, टाकायचा होता, कितीही केलं तरी कीबोर्ड बेसूर लागायचा. पेटी काळी दोनची (त्या पट्टीची) म्हणले तरी जुनी असली की स्वर सरकलेले असतात. रीपरमधलं सूर मोजणारं रियाट्यून लावून बघितलं तर वीसेक सेंटने वर (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). पेटीला हात न लावता पॅडच तेवढा वर घेतला, पाच मिनिटांचं काम.

मागचा नको असलेला आवाज काढून टाकायचं म्हणाल तर रीपरच्याच रियाफिरमध्ये सबट्रॅक्ट मोड आहे, नुसत्या शांततेचा तुकडा ऐकवायचा आणि मग ते तेवढं वजा करतं. फ्रिजची घरघर त्याने गेली. शेजारच्या मागाची खटखट नाही गेली, जाणार पण नाही, एकसारख्या आवाजालाच ते चालतं आणि धोट्याचा प्रत्येक ठोका वेगळा. त्याला उपाय एकच, माग बंद असतील त्या दिवशी पंखा बंद करून रेकॉर्डिंग.

आत्ता गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, हातातला रेकॉर्डर घेऊन नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, मागं फिरलो. सातही काठ्या, हलग्या आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" मिळून पावणेतीन तासांची एकच फाइल. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रीपरने ती निवांत उघडली, चांगले तुकडे रीजन करून, म्हणजे खुणा लावून, ठेवले आणि सगळे एकदम वेगवेगळ्या नावाच्या फाइल म्हणून बाहेर काढले. नंतर शहाणपणा करून मूळ फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली आणि प्रोजेक्टमधले सगळे आयटम ऑफलाइन, म्हणजे रीपरला फाइलच सापडेना. सेव्ह करताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची खूण होती, मी केली नव्हती. आता करतो.

आठवण येते ती एफएलच्या पियानो रोलची, जिथं माउसने एकेक स्वर मांडायचा. रीपरमध्ये त्याच कामाचा मिडी एडिटर चालतो, पण कोरडी भाकरी चटणीशिवाय खाल्ल्यासारखं. एफएलमध्ये बेस लिहिताना हात पळायचा, इथं विचार करावा लागतो. शिकायला व्हिडिओ पण एफएलचेच जास्त, हिंदीत पाहिजे तेवढे, रीपरसाठी मला इंग्रजीतले थांबवून थांबवून बघावे लागले.

म्हणून बीटचं काम अजून एफएलमध्येच करतो, एक्सपोर्ट करताना मिक्सरचे ट्रॅक वेगळे काढायचा पर्याय आहे, तो लावून सगळ्या वेव्ह फाइल रीपरमध्ये ओढतो. एफएल रीपरच्या आत प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) म्हणून पण उघडतं, एक-दोनदा केलं, पण माझ्या लॅपटॉपचा जीव तेवढा नाही. जयंतीची दोन कामं आलीत ती पूर्ण एफएलवरच होणार. आणि मामांनी काल निरोप पाठवलाय, मंडळात दोन टाळकरी वाढलेत. माझ्याकडे माइक लावायला इनपुट चारच आहेत.