५० एमएम एफ/१.८ घेऊन मेटल गिग्जमध्ये आठ महिने: लेन्स उत्तम, खटका दगाबाज

ज्या रात्रीमुळे हे लिहायला बसलो ती आधी सांगतो. ओळखीतल्या एका डेथ मेटल बँडचा शेवटचा गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, होता. सहा वर्षं एकत्र वाजवून पोरं आपापल्या वाटेला लागणार होती आणि फोटोंची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली होती. पहिल्या गाण्यापासून मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, मॉनिटरला गुडघा टेकून बसलो. एकूण ३८८ फ्रेम्स काढल्या. घरी येऊन उघडल्या तर १४१व्या फ्रेमपासून पुढे एकही धारदार नाही. गायकाच्या मागचा अँप्लिफायर स्वच्छ, जाळीची वीण मोजता येईल इतका स्वच्छ, आणि गायक मात्र धूसर. शेवटच्या गाण्यातली मिठी गेली. ड्रमरने काठ्या गर्दीत भिरकावल्या, तो क्षणही गेला.

रात्री दोनला फाइल्सचा एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली कॅमेऱ्याच्या सेटिंगची नोंद) उघडून बसलो. १४०व्या फ्रेमला फोकस मोड ऑटो, १४१व्या फ्रेमला मॅन्युअल. दोन्हींत अंतर नऊ सेकंदांचं. ते नऊ सेकंद मला नीट आठवतात. ब्रेकडाउन (गाण्यातला संथ, जड भाग) सुरू झाला, पिट, म्हणजे स्टेजसमोर धडका देत नाचणारी गर्दी, माझ्या अंगावर आली आणि कुणाचं तरी कोपर लेन्सवर आदळलं. मी कॅमेरा सावरला आणि पुढे काढत राहिलो. लेन्सवरचा एएफ-एमएफचा, म्हणजे ऑटो-मॅन्युअल फोकसचा, खटका त्या धक्क्याने सरकला होता आणि रिंगही जराशी फिरली होती.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ती लिहीत नाही. जुन्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर ही लेन्स आठ महिन्यांत १९ गिग्ज चालली आहे. थ्रॅश, डेथ, डूम, मधूनच एखादा हार्डकोअर बँड. बहुतेक ठिकाणी स्टेज गुडघ्याएवढं उंच, फोटोग्राफरांसाठी वेगळी जागा नाही, प्रेक्षक चाळीस ते दीडशे. मोठ्या कॉन्सर्टमध्ये 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' असा नियम असतो. आमच्याकडे तो कुणी सांगत नाही, पण फ्लॅश मी कधीच वापरत नाही. ब्लास्ट बीटच्या (अतिवेगवान ड्रमिंगच्या) मधोमध ड्रमरच्या डोळ्यांत फ्लॅश मारणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे.

२४-७० एफ/२.८ ही झूम लेन्स का नाही घेतली, असं खूप जण विचारतात. या कामातून पैसा येत नाही, हे एक कारण. गेटवरचं तिकीटही मी स्वतः काढतो, कारण बँडच्या हातात तेवढंच पडतं. दुसरं कारण साधं गणिताचं: एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. एफ/१.८ला एफ/२.८पेक्षा जवळपास २.४ पट प्रकाश मिळतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या एफ/५.६शी तुलना केली तर जवळजवळ दहापट. अंधाऱ्या खोलीत दोन लाल कॅन लाइट आणि एक निळा, एवढ्यावर संध्याकाळ काढायची असेल तर हा फरक जाणवतोच. आयएसओ ६४००, शटर १/३२०, एफ/२. माझं बहुतेक सगळं काम याच्या आसपास झालंय. वजन २०० ग्रॅमच्या आत, त्यामुळे एका हाताने कॅमेरा डोक्यावर धरून काढता येतं आणि दुसरा हात शेजारी पडणाऱ्याला उठवायला मोकळा राहतो.

उणीव म्हणाल तर झूम नाही. त्याची सवय होते. पाय हलवायचे, जागा नसेल तर थांबायचं. गायक लांबचा शब्द ओढायला मागे झुकतो आणि परत माइकवर येतो, हे तिसऱ्या गाण्यापर्यंत कळतंच. माइक स्टँडवर फोकस बांधून ठेवायचा आणि तो परत येईल तेव्हा बटण दाबायचं.

आता खटक्याबद्दल, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. लेन्सच्या डाव्या अंगाला, डावा अंगठा सहज टेकतो तिथेच तो आहे. वर आलेला भाग जेमतेम दीड मिलिमीटर. नवी होती तेव्हा 'टक्' करून बसायचा. चौथ्या महिन्यानंतर ती टक् गेली. मग तो गुळगुळीत सरकायला लागला, अधेमधेसुद्धा थांबायला लागला. दुकानात लेन्स हातात घेतल्यावर लोक काच बघतात, रिंग फिरवून बघतात. हा खटका कुणी दहा वेळा पुढे-मागे करून बघत नाही. मीही नाही बघितला.

तो सरकलाय हे लगेच कसं कळलं नाही, असं बँडमधल्या एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून नीट सांगतो. कानात प्लग असतात, मोटरचा आवाज येत नाही. फोकसची टिटी मी बंद ठेवतो. कंटिन्युअस मोडमध्ये फोकस बसो न बसो, शटर पडतंच. आणि व्ह्यूफाइंडर दिशाभूल करतो: अनेक डीएसएलआरच्या नेहमीच्या फोकसिंग स्क्रीनवर एफ/१.८ची खरी उथळ खोली दिसतच नाही, साधारण एफ/२.८एवढी दिसते. डोळ्याला वाटतं बसलाय, फाइलमध्ये तो नाकाच्या मागे गेलेला असतो. फुल-फ्रेमवर दीड मीटर अंतरावर एफ/१.८ला जेमतेम १० सेंटीमीटर खोली धारदार येते. हेडबँगिंग करणाऱ्याचं डोकं एका ठोक्यात त्याच्या तिप्पट अंतर कापतं.

(प्लगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरच्या पुढ्यात बसून पूर्ण सेट काढणाऱ्यांनी प्लगशिवाय जाऊच नये. मी पहिले दोन महिने गेलो, आणि शांत खोलीत अजून डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येते.)

त्या गिगनंतर लेन्स सर्व्हिसला दिली. पाच आठवडे लागले. परत आली तेव्हा कागदावर एकच ओळ होती: तपासणीत दोष आढळला नाही. तपासणीचे पैसे मात्र घेतले. खटक्यावर मी लावलेली गॅफर टेप त्यांनी खरवडून काढली होती आणि खाली चिकट थर तसाच ठेवला होता, त्यात पिशवीतली सगळी धूळ बसली. त्यांनी काय केलं असणार ते उघड आहे. लेन्स टेबलावर ठेवली, पांढऱ्या उजेडात चार्टचे फोटो काढले, फोकस बसला, पाकीट बंद. चार्ट काही कुणाला कोपर मारत नाही.

मी गप्प बसलो नाही. १४० आणि १४१व्या फ्रेमचा एक्झिफ छापला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला: लेन्स टेबलावर आडवी, वीतभर उंचीवरून पेन्सिल खटक्याच्या कडेवर सोडली, खटका ऑटोवरून मॅन्युअलवर. सलग पाच वेळा. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही लेन्स गर्दीत वापरता, असा वापर वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, "लेन्स पडलेली नाही, भिजलेली नाही, काचेवर ओरखडा नाही. पेन्सिलच्या वजनाने जो खटका सरकतो, तो गर्दीत काय आणि रिकाम्या खोलीत काय, सरकणारच." लेन्स परत पाठवली.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहायचं ठरवलं होतं. मध्ये जे झालं त्याने मत बदललं, म्हणून वरचं न खोडता पुढे लिहितो.

पुरावा भक्कम करावा म्हणून आठ महिन्यांतल्या सगळ्या बाद फ्रेम्सचा फोकस मोड काढायला बसलो. दोन रविवार गेले. फोकस हुकलेल्या १,१४० फ्रेम्स निघाल्या. मॅन्युअलवर किती? २९०. त्यातल्या २४८ त्या एकाच रात्रीच्या, बाकीच्या ४२ आधीच्या एका गिगमधल्या. उरलेल्या ८५० फ्रेम्सच्या वेळी खटका जागेवर होता. हा आकडा बघून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. चार महिने प्रत्येक खराब फोटोचं खापर मी या खटक्यावर फोडत होतो.

मग त्या ८५० एका पडद्यावर लावल्या आणि उत्तर डोळ्यांनीच दिसलं. बहुतेक सगळ्या लाल.

लाल एलईडीत काय होतं ते मला माहीत होतं, पण किती होतं याचा अंदाज नव्हता. सेन्सरवर हिरव्या फिल्टरचे पिक्सेल निम्मे, लाल पाव, निळे पाव. उजेड निव्वळ लाल असला की चित्र त्या पाव हिश्श्यावर उभं राहतं, बाकीचे जवळपास रिकामे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कामाचे उरतात सहा. त्यात लाल चॅनल आधी जळतो, आणि साधा ब्राइटनेस हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हिरव्याला जास्त भाव देत असल्यामुळे 'सगळं ठीक' म्हणत राहतो. गालावर सपाट लाल डाग पडतो, त्वचेचा पोत नाही, घामाचा थेंब नाही. तो डाग मोठा करून बघितला की फोकस गेला असं वाटतं. काही ठिकाणी फोकसही खरोखर हुकतोच. एफ/१.८च्या लेन्समध्ये लाल किरण हिरव्यापेक्षा किंचित वेगळ्या ठिकाणी एकवटतात, आणि एकाच रंगाच्या उजेडात डीएसएलआरचा फोकस त्याने फसतो. वर धुराचं मशीन चालू असलं की कॉन्ट्रास्टच राहत नाही, लेन्स नुसती पुढे-मागे होत बसते.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगळा लावतो आणि लाल टोकाला टेकू देत नाही, फोटो अंधारा दिसला तरी चालेल. लाल उजेडात छिद्र एफ/२.५वर आणतो, म्हणजे दीड मीटरवर चार-एक सेंटीमीटर जास्त मिळतात. आणि ज्या रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइल्स वाचवायच्या त्या फक्त लाल चॅनल घेऊन कृष्णधवल करतो. जुन्या बाद फ्रेम्समधून अशा साठेक जिवंत झाल्या. एका डूम बँडच्या गिटारिस्टचा क्लोजअप, जो मी काढून टाकणार होतो, त्यात आता तारेवर दाबलेल्या बोटाच्या नखाखालची काजळी दिसते.

शक्य असेल तिथे लाइटवाल्याशी आधी बोलतो. एकाला विचारलं, दोन गाण्यांत समोरून थोडा पांढरा देशील का? त्याने आनंदाने दिला. म्हणाला, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कित्येक वर्षं आपण सगळे एकाच खोलीत उभं राहून एकमेकांशी न बोलता काम करत होतो.

ड्रमरबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रत्येक गिगच्या फोटोंत गायकाचे चाळीस, ड्रमरचा एक, तोही झांजेआड. मिनिटाला २०० बीट्सच्या वेगाने डबल बेस ड्रमवर सोळावे (एका बीटला चार ठोके) चालले की सेकंदाला १३ हून जास्त ठोके पडतात. त्या खोलीतली सगळ्यांत कष्टाची कामगिरी मागच्या अंधारात होत असते. ही लेन्स त्यासाठी फार चांगली आहे. स्टेजच्या कडेने, क्रॅश आणि राइड या झांजांच्या फटीतून, १/२५०वर काढलं तर चेहरा थांबतो आणि काठीची टोकं पंख्यासारखी पसरतात. १/१०००वर काढू नका. काठ्या गोठतात, माणूस नुसता बसलेला वाटतो, आणि काही एलईडींचे पट्टे फोटोवर आडवे उमटतात.

लेन्स दुसऱ्या वेळी अकरा दिवसांत परत आली. आधी एक फोन आला, पण काउंटरवरून नाही. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतः केला होता. त्याने पेन्सिलचा व्हिडिओ बघून स्वतः तीच चाचणी केली होती. खटक्याखाली एक बारीक स्प्रिंगची पत्ती असते, तिचा उंचवटा झिजला होता. पत्ती बदलली, पैसे घेतले नाहीत, चिकट थरही पुसून दिला. मग विचारलं, "तुम्ही हे काढता कुठे? कसले बँड असतात?" आम्ही वीस मिनिटं बोललो. पहिल्या खेपेच्या पाच आठवड्यांचा आणि त्या पैशांचा राग माझा गेलेला नाही. पण या माणसाने लेन्स उघडून बघितली, आणि मला तेवढंच हवं होतं.

तर घ्यावी का? घ्यावी. छोट्या गिग्जसाठी पैसे मोजून याहून कामाची वस्तू मला माहीत नाही. घेताना खटका दहा वेळा पुढे-मागे करा, टक् ऐका. पहिल्या दिवसापासून त्यावर टेपची पट्टी लावा. दर दोन गाण्यांनी एक फ्रेम पूर्ण मोठी करून बघा. मी त्या रात्री एकदाही बघितली नव्हती.

बँडला मी खरं सांगितलं. पहिल्या १४० फ्रेम्स सगळ्या दिल्या. त्यातली १३९वी त्यांनी मोठी छापून घेतली: दोन गाण्यांच्या मध्ये बेसिस्ट गुडघ्यावर बसून ड्रमरच्या सरकलेल्या पेडलखाली टेप लावतोय, ड्रमरचा हात त्याच्या डोक्यावर, दोघांचंही प्रेक्षकांकडे लक्ष नाही. ती टेप माझ्या पिशवीतली. त्याच रोलची पट्टी आता खटक्यावर आहे, नवी पत्ती घट्ट असली तरी. शनिवारी तीन बँड आहेत.